परदेशातून पैसे मागवायला बडोद्यातली ही ब्रांच चांगली, फक्त चार्जेस किती कापतात ते आधी विचारून घ्या

भाऊ म्युनिकला असतो, तिकडून आईच्या खात्यात पैसे पाठवतो, म्हणून दांडिया बाजारातल्या आमच्या ब्रांचच्या फॉरेन रेमिटन्सबद्दल लिहितेय. माणसं एक नंबर, चार्जेस सांगण्याच्या बाबतीत मात्र बोंब. ५ पैकी ४ स्टार.

प्रत्येक ब्रांचला स्वतःचा स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे येताना बँक ओळखायचा कोड) नसतो हे काउंटरवरच्या बेननी (म्हणजे ताईंनी) आपणहून सांगितलं, की पैसे आमच्या मोठ्या ब्रांचच्या कोडवर येतील आणि तिथून आईच्या खात्यात जमा होतील. मग कागदावर मोठ्या अक्षरात सगळं लिहून दिलं, आईचं नाव पासबुकात आहे अगदी तसंच, खाते नंबर, तो स्विफ्ट कोड, आमचा आयएफएससी (देशातल्या देशात चालणारा ब्रांचचा कोड), खाली शिक्का. आईला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! नेटवर कोड शोधत बसू नका, ब्रांचमधूनच असा कागद घ्या आणि फोटो काढून पाठवा.

आयएफएससी आणि स्विफ्टमध्ये लोकांचा जाम घोळ होतो कारण दोन्ही ११ अक्षरी असू शकतात. आयएफएससीत पाचव्या जागी कायम शून्य असतो, आणि इथल्या बँकांच्या स्विफ्टमध्ये पाचवं-सहावं अक्षर आय-एन, म्हणजे इंडिया. आपल्या सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये काढलेल्या बँक ऑफ बडोदाचाच बघा, बीएआरबी, मग आयएन, मग बीबी, बँक-देश-ठिकाण अशी ८ झाली, पुढे ३ असली तर ती ब्रांचची, आणि एक्सएक्सएक्स असेल तर मेन ऑफिस. भावाच्या बँकेचा फॉर्म आयबॅन (युरोपात वापरतात तो लांबलचक आंतरराष्ट्रीय खाते नंबर) मागत होता, पण भारतात आयबॅन नसतोच, बाहेरच्या देशांसाठीचा वेगळा फॉर्म घेऊन त्यात साधा खाते नंबर टाकायचा.

एक स्टार गेला तो चार्जेसपायी. पैसे मधल्या बँकेतून फिरून येतात, ती तिचे कापते, मग इथली बँक तिचे घेते आणि वर जीएसटी, आणि याचा एक साधा बोर्ड पण ब्रांचमध्ये नाही. आईसारखी म्हातारी माणसं रक्कम कमी दिसली की घाबरून जातात हो, त्यांना आधी सांगायला नको? पाठवणाऱ्याने फॉर्ममध्ये ‘अवर’ निवडलं तर चार्जेस तिकडून भरले जातात, ‘शा’ निवडलं तर आपल्या वाट्याचे इकडे कापतात, हे ब्रांचने सांगायलाच पाहिजे.

पैसे कशासाठी आले विचारतील तेव्हा घरखर्च सांगा, त्याचा पर्पज कोड पी१३०१. रेमिटन्स ॲडव्हाइस (आलेल्या पैशांचा बँकेचा कागद) मागून घ्या, त्यात रुपयात बदलताना कुठला रेट लावला ते दिसतं. आणि सकाळीच जा, दुपारनंतर बेन एकट्याच असतात काउंटरला.