गुठळी विरघळवायची की ओढून काढायची?

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झालेल्या रुग्णाचे नातेवाईक विचारतात, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन की कॅथेटर, म्हणजे ती ओढून काढणारी बारीक नळी? आधी वेळ पाहा. इंजेक्शन सहसा ४.५ तासांतच देतात, आणि हे तास रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजतात. झोपेत झटका आला तर झोपायला गेल्याची वेळ धरतात. ती नीट सांगा, फार महत्त्वाची असते. कॅथेटर ६ तासांपर्यंत, स्कॅनमध्ये मेंदूचा वाचवता येण्याजोगा भाग दिसला तर २४ तासांपर्यंतही.

मोठ्या रक्तवाहिनीतली लांब गुठळी औषधाने बहुधा विरघळत नाही. तिथे जांघेतून किंवा मनगटातून कॅथेटर नेऊन ती स्टेंटच्या जाळीत पकडतात किंवा शोषून घेतात. वाहिनीला छिद्र पडू शकते, तुकडा पुढे जाऊन अडकू शकतो. मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका दोन्हींत आहे.

 

बारीक वाहिनी बंद असेल तर इंजेक्शन. मोठी बंद आणि वेळेत पोचलात तर दोन्ही. मात्र इंजेक्शनचा गुण येतो का, हे पाहत कॅथेटर लांबवू नये. नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर बहुधा थेट कॅथेटर.