घराच्या पाटीसाठी लॅटिन शब्द: दोमुस, आइदेस, विल्ला की कासा?

घराला लॅटिन नाव द्यायचे ठरवले की 'घर' या अर्थाचे चार शब्द समोर येतात: दोमुस, आइदेस, विल्ला आणि कासा. अर्थ वरवर एकच दिसला तरी प्रत्येकाचा पिंड वेगळा आहे, आणि पाटी एकदा संगमरवरात कोरून घेतली की चुकलेले लिंग किंवा वचन खोडता येत नाही.

दोमुस हा भिंतींपेक्षा घरातल्या माणसांचा आणि त्यांच्या स्वामित्वाचा शब्द आहे. घरधन्याला लॅटिनमध्ये 'दोमिनुस' म्हणतात, तो याच शब्दावरून. संस्कृतातील 'दम' हा त्याचा सख्खा भाऊ. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नी 'स्वे दमे', म्हणजे स्वतःच्या घरी, वाढतो असे म्हटले आहे, आणि आपल्या 'दंपती' या शब्दातला 'दम्'ही हाच. रूपांच्या बाबतीत मात्र दोमुस हट्टी आहे. लॅटिन नामांचे रूपे चालवण्याच्या पद्धतीनुसार वर्ग पाडतात. दोमुस चौथ्या वर्गात चालतो, पण दुसऱ्या वर्गाची काही रूपे त्यात मिसळली आहेत: षष्ठी 'दोमूस' चौथ्या वर्गाची, तर पंचमी 'दोमो' दुसऱ्या वर्गाची. शिवाय गावांच्या नावांप्रमाणे त्याचीही तीन रूपे शब्दयोगी अव्ययाशिवाय येतात: 'दोमी' म्हणजे घरी, 'दोमुम' म्हणजे घराकडे आणि 'दोमो' म्हणजे घरून. आपले 'घरी' हेही सप्तमीचेच रूप. पण 'मी घरी आहे' आणि 'मी घरी जातो' या दोन्ही वाक्यांत आपले एकाच रूपावर भागते, लॅटिन मात्र पहिल्यासाठी 'दोमी' आणि दुसऱ्यासाठी 'दोमुम' मागते. पाटीवर सर्वाधिक संभवणारी चूक वेगळीच आहे: शेवटी 'उस' असल्यामुळे शब्द पुल्लिंगी वाटतो आणि 'दोमुस नोवुस' असे लिहिले जाते. दोमुस स्त्रीलिंगी आहे. नवे घर म्हणजे 'दोमुस नोवा'.

आइदेस हा शब्द जाळणे या अर्थाच्या धातूपासून आला असून आपले 'इंधन' त्याच कुळातले आहे. म्हणजे मुळात ती चुलीची किंवा अग्नीची जागा. येथे खरी मेख वचनाची. हा तिसऱ्या वर्गातला स्त्रीलिंगी शब्द एकवचनात देऊळ दाखवतो, तर राहत्या घरासाठी तो अनेकवचनात वापरावा लागतो, आणि त्यामुळे विशेषणही अनेकवचनी, 'आइदेस नोवाइ' असे, घ्यावे लागते. घर एक आणि शब्द अनेकवचनी हे पाहुण्यांना प्रत्येक वेळी समजावून सांगण्याची हौस असेल तरच हा शब्द निवडावा.

विल्ला म्हणजे गावाबाहेरचे शेतीवाडीचे घर. शहरातल्या दोन खोल्यांच्या घराला तो शोभत नाही.

कासा चालवायला सर्वांत सोपा, कारण तो पहिल्या वर्गातला सरळ शब्द आहे. पण अभिजात लॅटिनमध्ये त्याचा अर्थ झोपडी. रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर रोमचा पौराणिक संस्थापक रोम्युलसची म्हणून जपलेली गवताने शाकारलेली झोपडी होती, तिलाही कासाच म्हणत. पुढे इटालियन, स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये या झोपडीचेच घर झाले, आणि दोमुस इटालियनमध्ये 'दुओमो' होऊन कॅथेड्रलपुरता उरला. पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातल्या सुमारे ३,००० चौरस मीटरच्या वाड्याला आज इटालियनमध्ये 'कासा देल फाउनो' म्हणतात. त्याच्या रोमन मालकाने कासा हा शब्द आपल्या वाड्यासाठी खचितच वापरला नसता. गोव्यात घरांच्या पाट्यांवर दिसणारा 'कासा' पोर्तुगीजमधून आलेला आहे आणि तिथे तो अगदी योग्य आहे. फक्त मग पुढचे शब्दही पोर्तुगीजच हवेत. शांतीच्या घरासाठी 'कासा दा पाझ' चालेल किंवा 'दोमुस पाकिस' चालेल. 'कासा पाकिस' लिहिले तर व्याकरण बिनचूक असेल, पण घराची झोपडी होईल.