विज्ञान आश्रम, पाबळ: मी इथे पैसे का देतो

भोसरीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, सोळा-सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत पंचवीस-तीस पोरं हाताखालून गेली असतील. वेल्डिंग सगळ्यांना जमायचं, काहींचा हात तर माझ्यापेक्षा साफ, पण गिऱ्हाइकाने "कितीला पडेल ओ?" विचारलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. तीनेक वर्षांपूर्वी एक पोरगा कामाला आला, दहावी नापास, पाबळच्या विज्ञान आश्रमात वर्षभर राहून डीबीआरटी केलेला. डीबीआरटी म्हणजे ग्रामीण तंत्रज्ञानाचा पदविका कोर्स, मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात एक मावशी टाकीचं स्टँड विचारायला आल्या, मी नेमका बाहेर. परत येऊन बघतो तर टेबलावर वहीचं पान. चाळीस-पाचचा अँगल (४० मिमी रुंद, ५ मिमी जाड लोखंडी), सगळी मापं जोडून साडेएकवीस मीटर, लेंथ सहा मीटरची मिळते म्हणजे चार लेंथ घ्याव्या लागणार, मीटरला तीन किलो, एकूण ७२ किलो, त्या दिवशीचा भाव ६२ रुपये, झाले ४,४६४. त्याखाली वेल्डिंग रॉड, कटिंग व्हील, रेड ऑक्साइड, टेम्पो, मग लाइट, मग मशीनचा घसारा म्हणजे झिजेचा खर्च, आणि शेवटी दोन माणसांची दीड दिवसाची मजुरी. बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं, "अडीच मीटर उरेल, जपून ठेवायचं."

मी ते पान हातात धरून बराच वेळ बसलो. घसारा हा शब्द मला सीएने शिकवला तो धंद्यात पाच वर्षं घालवल्यावर, आणि त्या पाच वर्षांत मी स्वतःची मजुरी कधी धरलीच नव्हती, माल अधिक थोडे वर असं सांगायचो आणि महिनाअखेरीला हातात काही का राहत नाही म्हणून रात्री जागायचो. त्याला विचारलं, कुठे शिकलास रे हे? म्हणाला, "शेठ, तिकडे काहीही केलं तरी वहीत कॉस्टिंग लिहायलाच लागतं."

मग एका रविवारी मी गाडी काढून पाबळला गेलो. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात आहे, शिक्रापूरकडूनही जाता येतं आणि राजगुरुनगरकडूनही. मस्तानीची समाधी याच गावात आहे, बऱ्याच जणांना पाबळ तेवढ्यावरूनच माहीत असतं. कोरडा भाग, पाऊस कमी. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली हा आश्रम इथे सुरू केला. अमेरिकेत पीएचडी केलेला, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन करणारा माणूस पन्नाशी उलटल्यावर सगळं सोडून या माळावर राहायला आला, आणि शाळेत न टिकलेल्या पोरांना हाताने काम करत विज्ञान शिकवायला लागला. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम, म्हणजे हाताने काम करत शिकायचं शिक्षण, मांडली होती, त्याच वाटेवरचं हे काम असं मला वाटतं, फक्त इथे चरख्याच्या जागी लेथ आणि सोल्डरिंग गन आहे. २००२ साली तर अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर हवी ती वस्तू बनवायची प्रयोगशाळा, इथेच झाली. कलबाग सर २००३ साली गेले, पण काम थांबलं नाही.

कोर्स वर्षभराचा आणि निवासी, आठवी पास चालतं. इंजिनिअरिंग, वीज-ऊर्जा, शेती-पशुपालन आणि घर-आरोग्य असे चार विभाग, प्रत्येक पोराला सगळीकडे फिरावं लागतं. म्हणजे ज्याला फक्त वेल्डिंग आवडतं त्यालाही कोंबड्या पाळायला लागतात आणि मुलींनाही वायरिंग करायला लागतं. मला हे आधी वेळ घालवणं वाटलं होतं, एकच काम धरून पक्कं का करत नाहीत? पण हिशेब शिकायला कोंबडीसारखा गुरू नाही हो! पिल्लाची किंमत, रोजचं खाद्य, औषध, मेलेली पिल्लं, आणि साधारण सहा आठवड्यांनी वजन करून बाजारात न्यायचं, तेव्हा कळतं की भाव आपल्या हातात नाही पण खाद्य किती वाया घालवलं ते आपल्या हातात होतं. पुस्तकातला नफा-तोटा दहावीपर्यंत सगळ्यांनीच केलेला असतो, पण स्वतःच्या हाताने खाद्य घातलेलं पिल्लू मेलं की तो तोटा कायमचा लक्षात राहतो.

आणखी एक गोष्ट मला फार पटली. पोरं नुसतं शिकण्यापुरतं करून मोडून टाकत नाहीत, गावातल्या लोकांची खरी कामं घेतात आणि लोक त्याचे पैसे देतात. सतरा वर्षांच्या पोराला गिऱ्हाईक घासाघीस करतंय आणि त्याला कारण देऊन आपला भाव टिकवावा लागतोय, याच्यापुढे व्यक्तिमत्त्व विकासाचं लेक्चर काय करणार? शाळेतल्या मुलांसाठी हेच आयबीटी (मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख) या नावाने आठवी ते दहावीला शिकवतात, लेंड अ हँड इंडिया या संस्थेने ते बऱ्याच शाळांपर्यंत नेलं. तुमच्या गावच्या शाळेत आहे का विचारून बघा.

हे सगळं इतकं कौतुकाने लिहितोय त्याला कारण आहे. याआधी दोन वर्षं मी दुसऱ्या एका संस्थेला पैसे देत होतो, नाव लिहीत नाही. तरुणांना आर्थिक साक्षर करतो म्हणायचे. एक दिवसाचं शिबिर, एसी हॉल, समोसा, फोटो, प्रमाणपत्र. त्यातलीच दोन पोरं नंतर माझ्याकडे कामाला होती. बचत म्हणजे काय ते घडाघडा सांगायची, पण एकाने फोनवरच्या अ‍ॅपवरून सात हजारांचं कर्ज घेतलेलं आणि त्याच्यावर व्याज किती लागतंय हे त्याला सांगता येत नव्हतं. मला खूप लागलं ते, कारण त्या शिबिरात माझेही पैसे होते.

पाबळ सगळ्यांसाठी आहे असं नाही. ज्याला ऑफिसात बसायचंय, कॉम्प्युटरवर टॅली करायचंय, त्याने दुसरीकडे जावं. आणि ज्या घरात पोरगा महिन्याला आणतो त्या आठ-दहा हजारांवर चूल पेटते त्यांना वर्षभर त्याला सोडणं सोपं नाही. मदत करायची तर इथेच करावी, एखाद्या पोराच्या वर्षभराच्या खर्चाला हातभार लावावा असं माझं मत आहे. इमारतीला, मशीनला देणारे मिळतात हो, पोराच्या जेवणाला मिळत नाहीत.

कुठल्याही संस्थेला द्याल तेव्हा थोडं लक्ष ठेवा. दोन हजाराच्या वर रोख दिलंत तर देणगीवरची आयकर सवलत (८०जी म्हणतात ती) मिळत नाही, म्हणून चेक नाहीतर ऑनलाइनच द्या. साधी पावती पुरत नाही, वर्ष संपल्यावर संस्थेकडून आयकरासाठीचं देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या. आणि तुम्ही नवीन टॅक्स पद्धतीत असाल तर ही सवलत नाहीच. मी नवीन पद्धतीत गेलो तरी देणं चालू ठेवलंय. आणि पैसे देण्याआधी एकदा जाऊन या, फोन करून जा, आणि गेलात की पोरांच्या वह्या बघायला मागा, मला तरी सगळं उत्तर त्या वहीतच मिळालं.

तो पोरगा आता माझ्याकडे नाही. गेल्या दिवाळीनंतर गावाला गेला, बसस्टँडजवळ पत्र्याचं शेड टाकून स्वतःचं काम सुरू केलंय. गेल्या महिन्यात शाळेच्या गेटचं कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, खाली लिहिलेलं, "शेठ, बघा ना जरा, काही राहिलंय का." माल बरोबर, घसारा बरोबर, मजुरी पण धरलेली. फक्त बसवायला जायचा-यायचा दिवस त्याने फुकटात टाकला होता. मी लगेच फोन केला आणि तो दिवस लावायला सांगितला.