९९ नंबरची जर्सी, साडेतीन स्टार

भुसावळच्या उन्हात आइस हॉकीची जर्सी घालून फिरणारा मी एकटाच असेन भो! कॅनडाचा दिग्गज खेळाडू वेन ग्रेट्झ्कीची, त्याच्या ऑइलर्स टीमवाली, ऑनलाइन मागवली. नंबर छापलेला नाही, शिवलेलाय, चार धुण्यात रंग टिकला. पण कापड जाड, मे महिन्यात नुसती भट्टी, आणि बाही एवढी लांब की शेवभाजीच्या रश्श्यात बुडली. पॅडवरून घालायची असते म्हणून ढगळच येते, एक साइज कमी घ्या. ग्रेट्झ्की पठ्ठ्याच्या बापाने घरामागे पाणी गोठवून रिंक केलेलं, तिथं शिकून ८९४ गोल, ४ स्टॅनले कप (एनएचएल लीगची ट्रॉफी), २००० मध्ये तर ९९ नंबरच अख्ख्या लीगमधून रिटायर, म्हणजे दुसऱ्या कुणाला मिळणारच नाही! गोलचा रेकॉर्ड २०२५ ला रशियाच्या ओव्हेचकिनने मोडला, ते सोडा. पाठीवरच्या नावात मात्र टी गायब, सेलर फोन उचलत नाही. बायको म्हणते, इथं कोण वाचतंय.