जिप्सम बोर्डाच्या भिंतीवर टीव्ही टांगायला स्नॅपटॉगल कसा आहे?

ब्रॅकेटच्या पुडीत येणाऱ्या प्लास्टिकच्या गिट्ट्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीसाठी असतात. जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनमध्ये गिट्टीला फुगून धरायला जेमतेम १२.५ मिमीचा ठिसूळ थर मिळतो आणि त्यामागे पोकळी असते. तिथे गिट्टी पहिल्या दिवशी घट्ट वाटते, मग हळूहळू भोक रुंदावत जाते आणि टीव्ही पुढे झुकू लागतो. अशा भिंतीसाठी टॉगलर या अमेरिकी कंपनीचा स्नॅपटॉगल मिळतो. हा टॉगल, म्हणजे भोकातून आत जाऊन बोर्डाला मागून आडवा टेकणारा फास्टनर. इथे विचार केला आहे तो त्यातल्या पाव इंची बोल्टच्या नमुन्याचा.

आधी भिंत नक्की कसली आहे ते पाहा. पुण्या-मुंबईच्या नव्या फ्लॅटमध्ये ‘जिप्समची भिंत’ म्हणजे बहुधा विटांवर किंवा काँक्रीटवर दिलेलं जिप्सम प्लास्टर असतं. ठोकल्यावर भरीव आवाज आला तर स्नॅपटॉगल नको, साधी गिट्टीच बरोबर. पोकळ आवाज आला तर ३ मिमीचं छोटं भोक पाडून बोर्डाची जाडी आणि मागची जागा तारेने मोजा. या टॉगलला बोर्डामागे किमान ४८ मिमी मोकळी जागा लागते. विटांवर पट्ट्या ठोकून बोर्ड लावलेल्या भिंतीत ती मिळत नाही. तिथे लांब फास्टनर मागच्या विटेतच न्यावा लागतो.

रचना साधी आणि हुशार आहे. धातूची एक आटे असलेली पट्टी, तिला जोडलेले दोन प्लास्टिकचे पट्टे आणि त्यांवर सरकणारी टोपी. १३ मिमीचं भोक पाडायचं, तेही ड्रिलचा हॅमर बंद ठेवून, नाहीतर बोर्डाची मागची बाजू फुटून निघते आणि पट्टीला टेकायला धड जागाच उरत नाही. धातूची पट्टी प्लास्टिकच्या पट्ट्यांशी समांतर करून आत ढकलायची, मागे ओढायची म्हणजे ती आतून आडवी टेकते. टोपी भिंतीला भिडेपर्यंत सरकवायची आणि बाहेर उरलेले पट्टे डावी-उजवीकडे वाकवून तोडायचे. स्वतःकडे ओढून तोडू नयेत, टोपी सैल पडते.

बाजारातल्या स्वस्त बटरफ्लाय टॉगलपेक्षा हा सरस ठरतो तो इथेच. बटरफ्लायचा बोल्ट काढला की मागचे पंख पोकळीत पडतात. स्नॅपटॉगलची पट्टी बोल्टाशिवायही जागेवर राहते, त्यामुळे ब्रॅकेट हवा तितक्या वेळा काढून-लावून लेव्हल करता येतो. किंमत बरीच जास्त आहे, पण चार-सहा नगांसाठी ती सोसावी.

खरी अडचण बोल्टाची आहे. याचे आटे पाव इंच, इंचाला २०, असे असतात. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो तो एम ६. दिसायला जवळपास सारखाच, पण यात तो सैल बसतो आणि आवळताना आटे खातो. बरोबर आलेले बोल्टच वापरा किंवा मेट्रिक आट्यांचा नमुना घ्या. लांबीही बघा. एका थराच्या बोर्डाला ५० मिमीचा बोल्ट पुरतो. ६५ मिमीचा घातला तर आत ५० मिमी पोकळी असलेल्या पार्टिशनमध्ये त्याचं टोक पलीकडच्या बोर्डाला टेकतं. हाताला घट्ट लागतं, प्रत्यक्षात ब्रॅकेट सैलच असतो. आवळणं हातानेच करा. इम्पॅक्ट ड्रायव्हरने बोर्डाचा गाभा चुरडतो, आणि गाभा चुरडला की नुसता कागद उरतो.

डब्यावरची वजनाची आकडेवारी बोर्ड फुटेपर्यंतची असते, तिच्या चौथ्या हिश्शावर भागवायचं. शिवाय टीव्हीच्या वजनापेक्षा त्याचं भिंतीपासूनचं अंतर जास्त महत्त्वाचं. १५ किलोचा टीव्ही, वरच्या-खालच्या बोल्टांत ३० सेंमी अंतर. सपाट ब्रॅकेटवर वजनाचा मध्य भिंतीपासून ६ सेंमीवर धरला तर वरच्या ओळीवर बाहेर ओढणारा जोर सुमारे ३ किलोचा येतो. ४० सेंमी बाहेर येणाऱ्या हाताच्या ब्रॅकेटवर तोच जोर २० किलो होतो, आणि टीव्ही प्रत्येक वेळी ओढला-वळवला की पुन्हा झटका बसतो. म्हणून सपाट किंवा थोड्या झुकणाऱ्या ब्रॅकेटला आम्ही स्नॅपटॉगल निर्धास्तपणे सुचवू. बाहेर येणाऱ्या हाताला, नुसत्या बोर्डावर, मुळीच नाही.

शक्य तिथे वरचे दोन बोल्ट तरी पत्र्याच्या स्टडमधून, म्हणजे बोर्ड ज्यावर ठोकलेला असतो त्या आतल्या उभ्या खांबांमधून न्या. स्टड शोधायला छोटं चुंबक भिंतीवर फिरवा, स्क्रूंच्या डोक्यांवर ते उभ्या रेषेत चिकटतं. स्टडचा पत्रा अर्ध्या मिमीच्या आसपासचा असतो, त्यात लाकडाचा स्क्रू फिरतच राहतो. टॉगल मात्र मागून पकडतो. भोक स्टडच्या मधोमध, स्टेप ड्रिलने (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणाऱ्या बिटाने) पाडा आणि पट्टी स्टडच्या लांबीच्या दिशेने उभी ठेवा. ५० मिमीच्या स्टडमध्ये ती जेमतेम शिरते, ७० मिमीच्या स्टडमध्ये आरामात. आपल्याकडे स्टड बहुधा ६१० मिमी अंतरावर असतात, त्यामुळे ४०० मिमीच्या ब्रॅकेटला एकच स्टड सापडतो. मग ७५० मिमी रुंद, १८ मिमी जाड प्लायची फळी दोन स्टडना टॉगलने बसवून ब्रॅकेट फळीवर स्क्रूने लावा. फळीची जाडी वाढली की बोल्टही तेवढाच लांब लागतो, हे मागवतानाच लक्षात घ्या.

बाथरूमच्या पाठीमागच्या पार्टिशनवर ओल असेल तर कोणताच टॉगल लावू नका. बोर्ड बदला, आणि बदलताना आत स्टडच्या मधे प्लाय घालून घ्या. बाहेर येणाऱ्या हाताचा ब्रॅकेट हवा असेल तर भिंत बंद होण्याआधी हीच मागणी सुताराकडे करा.