मॉड्यूलवाली ईआरपी: अकरा महिने वापरल्यावर

मी अकाउंट्सचा माणूस, आयटीचा नाही. पण ताळा जमला नाही की पहिला फोन मलाच येतो, म्हणून लिहितोय. ईआरपी म्हणजे कंपनीच्या सगळ्या विभागांचं काम एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणि मॉड्यूल म्हणजे त्यातला एकेका विभागाचा भाग.

आधी खरेदी, स्टोअर्स, उत्पादन, विक्री, पगार आणि अकाउंट्स यांची सहा वेगळी सॉफ्टवेअर होती. सहांना थेट एकमेकांशी जोडायचं तर पंधरा जोडण्या होतात. आमच्याकडे चार होत्या, बाकी सगळं एक्सेल.

खरेदी, स्टोअर्स आणि अकाउंट्स ही तीन मॉड्यूल्स एकाच कंपनीची घेतली. तिथे सुख आहे. माल उतरला, जीआरएन (माल मिळाल्याची पावती) झाला की लेजरला नोंद पडलेली असते. पर्चेस ऑर्डर, जीआरएन आणि बिल यांची जुळणीही आपोआप होते. तिन्ही एकाच डेटाबेसवर बसतात, त्यामुळे इथे जोडणी करावीच लागली नाही. १९९२ साली आलेल्या एसएपी कंपनीच्या आर/३ या ईआरपीचं बळही यातच होतं.

उत्पादनाचं मॉड्यूल मात्र दुसऱ्या कंपनीचं. शॉपफ्लोअरचा आग्रह होता आणि शेड्युलिंगला ते खरोखर सरस आहे. एपीआय (दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी डेटा देवघेव करायची सोय) आहे, दोन आठवड्यांत जोडून देतो, असं विक्रेत्याने सांगितलं. दिलंही. डेटा इकडून तिकडे जायला लागला, पण त्याचा अर्थ दोन्हीकडे वेगळा! स्टोअर्समध्ये बोल्टचं एकक पेटी, उत्पादनात नग. त्यांनी ४०० नग वापरले, इकडे ४०० पेट्या वजा. साठा उणे, आणि सिस्टिमने हूं की चूं केलं नाही.

मग एकदा नेटवर्क अडखळलं. पोच मिळाली नाही म्हणून उत्पादनाच्या सिस्टिमने तीच नोंद पुन्हा पाठवली. पहिली आधीच पोचली होती, त्यामुळे माल दोनदा खर्ची पडला. आता प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो आणि एकदा घेतलेला क्रमांक परत आला तर सिस्टिम तो सोडून देते. हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला आयटम मास्टरने, म्हणजे वस्तू आणि त्यांचे कोड यांच्या मूळ यादीने. नवा कोड कोणी उघडायचा? दोन्हीकडून उघडले जात होते, एकाच वस्तूचे तीन-तीन कोड. तीन महिने वाद चालला. शेवटी अधिकार फक्त स्टोअर्सला दिला, उत्पादनाने तो कोड नुसता वाचायचा. त्या दिवसापासून जेवढ्या तक्रारी घटल्या, तेवढ्या कुठल्याच पॅचने घटल्या नव्हत्या.

एक मॉड्यूल बदललं तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही, असं डेमोत ऐकलं होतं. उत्पादनाच्या नव्या व्हर्जनमध्ये एका रकान्याचं नाव बदललं आणि रात्रभर व्यवहार रांगेत अडकून पडले. आता प्रत्येक अपडेट आधी टेस्ट सर्व्हरवर लावतो.

पगाराचं सॉफ्टवेअर जुनंच ठेवलंय. महिन्याला एक फाइल, एक जर्नल एंट्री. एवढ्यासाठी एपीआय कशाला?

मंथ एंडला पूर्वी सात दिवस लागायचे, आता तीन लागतात. त्यातला एक अजूनही उत्पादन आणि स्टोअर्समधला फरक शोधण्यात जातो.

पुढच्या तिमाहीत विक्रीचं मॉड्यूल घ्यायचंय. डेमोच्या आधीच मी विक्रीवाल्यांना विचारून ठेवलंय, ग्राहकाचा कोड कोण उघडणार? अजून उत्तर आलेलं नाही.