मोनो, रीमास्टर, रीमिक्स की झंकार: जुन्या गाण्याची कोणती प्रत निवडावी?

फोनवर एखादं जुनं मराठी किंवा हिंदी गाणं शोधलं की एकाच नावाखाली पाच-सहा प्रती दिसतात. एकीपुढे 'रीमास्टर्ड', दुसरीपुढे 'रिव्हायव्हल', तिसरीपुढे 'झंकार', चौथीपुढे 'डीजे मिक्स'. बहुतेक जण पहिली दिसेल ती लावतात आणि पुढे आयुष्यभर तेच गाणं त्यांच्या कानात 'मूळ' होऊन बसतं. कुठली प्रत आधी ऐकली यावर ते गाणं पुढे कसं ऐकू येणार हे बरंचसं ठरतं, म्हणून ही निवड नीट करावी.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. कोल्हापुरात 'डॉल्बी' म्हटलं की मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते. ॲपवर गाण्याखाली लिहिलेलं 'डॉल्बी ॲटमॉस' म्हणजे ती नव्हे. त्यात गाण्यातले घटक ऐकणाऱ्याच्या भोवती आणि डोक्यावरही मांडलेले असतात. रीमास्टर म्हणजे पूर्वी तयार झालेल्या मिक्सवर, म्हणजे सगळे आवाज आणि वाद्यं एकत्र जुळवून केलेल्या मुद्रणावर, फिरवलेला शेवटचा हात: खरखर काढणं, खर्ज आणि टीप यांचा तोल, आवाजाची पातळी. त्यात गायिका आणि तबला यांचं आपसातलं प्रमाण बदलत नाही. रीमिक्समध्ये नेमकं हेच प्रमाण बदलतं, कारण सुटे ट्रॅक (आवाज, तबला अशी वेगवेगळी मुद्रित केलेली अंगं) घेऊन ते नव्यानं जुळवलेले असतात. झंकार म्हणजे तयार गाण्यावर वरून टाकलेला इलेक्ट्रॉनिक ठेका, बहुधा भरपूर एकोसकट. पाचवा प्रकार पुनर्गायनाचा. 'समाधी' (१९७२) मधलं 'काँटा लगा' २००२ मध्ये गाजलं ते नव्या आवाजात गाऊन घेतलेलं होतं. लोक त्यालाही रीमिक्सच म्हणतात, पण त्यात मूळ गायिकेचा आवाजच नाही.

मूळ मोनो आणि रीमास्टर

मोनो म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत, स्टिरिओ म्हणजे डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांत वाटलेला. मूळ मोनो आणि रीमास्टर या दोहोंत निवडायचं तर चांगला रीमास्टर घ्यावा, वाईट रीमास्टरपेक्षा मात्र खरखरणारी तबकडी बरी. वाईट रीमास्टर ओळखायच्या दोन खुणा आहेत. पहिली खूण 'स', 'श', 'छ' या अक्षरांची. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर साधारण ६-७ हजार हर्ट्झच्या वर संगीत थोडं आणि खरखर फार असते. खरखर घालवण्याच्या नादात तो सगळा पट्टा कापला की त्यासोबत गायिकेचा श्वास, टाळांची किणकिण आणि अक्षरांची धारही जाते. गाणं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं आणि तानपुऱ्याचा नाद तुटक-तुटक ऐकू येतो.

दुसरी खूण आवाजाच्या पातळीची. गाणं मोठं वाटावं म्हणून लिमिटरनं (आवाज ठरावीक मर्यादेवर दाबणाऱ्या साधनानं) शिखरं सपाट केलेली असतात. बरीच ॲप मात्र सगळी गाणी सुमारे −१४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) पातळीवर आणून वाजवतात, म्हणजे तो मोठेपणा ॲप परत काढून घेतं. मुखडा हलका आणि अंतरा भरून येणारा, हा जो चढ मूळ मुद्रणात होता तो तेवढा कायमचा गेलेला असतो.

खरा रीमिक्स कानाला काय करतो

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण बीटल्स या इंग्लिश बँडचं आहे, कारण त्यांच्या सुट्या ट्रॅकच्या टेपा लंडनमध्ये जपून ठेवलेल्या होत्या. १९६७ चा त्यांचा 'सार्जंट पेपर' हा अल्बम चार ट्रॅकच्या यंत्रांवर मुद्रित झाला. चार ट्रॅक भरले की ते दुसऱ्या टेपेच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि रिकाम्या जागेत पुढचं वाजवायचं, अशी रीत होती. प्रत्येक उतरवणीत थोडी धार जायची, थोडी खरखर वाढायची. मोनो मिक्सला वादक स्वतः हजर होते. स्टिरिओ नंतर त्यांच्या गैरहजेरीत थोडक्या दिवसांत उरकला गेला. आणि जगभर पिढ्यान् पिढ्या ऐकला गेला तो हा घाईतला स्टिरिओ.

२०१७ मध्ये संगीत-निर्माते जाइल्स मार्टिन यांनी उतरवणीच्या आधीच्या टेपांपर्यंत मागे जाऊन, मोनो मिक्स समोर ठेवून नवा स्टिरिओ बांधला. ड्रम आणि बेस मध्यभागी आले, आवाजाला अंग आलं. त्यातलं 'शीज लीव्हिंग होम' हे गाणं जुन्या स्टिरिओत संथ आणि खालच्या पट्टीत होतं, मोनोमध्ये जलद आणि वर. नव्या मिक्सनं मोनोचा वेग घेतला. पन्नास वर्षं संथ गाणं ऐकलेल्या माणसाला ते घाईचं वाटतं, मोनोवर वाढलेल्याला ते घरी परतल्यासारखं वाटतं. दोघांचे कान बरोबर आहेत. प्रत्येकाची आठवण वेगळ्या मिक्सवर पडलेली आहे, एवढंच.

असा रीमिक्स ऐकल्यावर जुनी प्रत लावली की त्यातही तो बेस ऐकू येऊ लागतो. तो आधीही होताच, कानाला कुठे पाहायचं ते माहीत नव्हतं. खऱ्या ट्रॅकवरून केलेल्या रीमिक्सची ही मोठी देणगी आहे: तो मूळ मुद्रण वाचायला शिकवतो. किंमतही मोजावी लागते. मूळ मिक्समध्ये जे मुद्दाम मागे ठेवलेलं होतं ते पुढे आलं की गाण्यातली लपाछपी संपते. गिटार जरा दूर होती म्हणून आवाज एकटा वाटायचा. गिटार जवळ आली की तो एकटेपणा ओसरतो.

बीटल्सच्याच 'रिव्हॉल्व्हर' अल्बमच्या २०२२ च्या रीमिक्ससाठी एक पाऊल पुढे टाकलं गेलं. जिथे ड्रम, बेस, गिटार एकाच ट्रॅकवर होते तिथे सॉफ्टवेअरनं ते वेगळे केले. आपल्या गाण्यांचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

आपल्या गाण्यांत सुटे ट्रॅकच नाहीत

१९५०-६० च्या दशकातलं मराठी चित्रपटगीत म्हणजे गायक, कोरस, व्हायोलिनवाले, ढोलकी, सगळे एका खोलीत, एकाच वेळी. १९६५ च्या 'साधी माणसं'ची गाणी घ्या. भालजी पेंढारकरांचा हा चित्रपट, आणि 'आनंदघन' या नावानं संगीत लता मंगेशकरांचं. त्या काळच्या अशा मुद्रणात तोल साधला जायचा तो मायक्रोफोनपासून कोण किती अंतरावर उभं आहे यावर. परत जाऊन ढोलकी कमी करावी असा वेगळा ट्रॅकच अस्तित्वात नाही. त्यामुळे अशा गाण्याचा 'रीमिक्स' म्हटलं की दोनच गोष्टी शक्य असतात: सॉफ्टवेअरनं फोडणं, नाहीतर वरून भर घालणं.

फोडण्यासाठी डेमक्स, स्प्लीटर अशी फुकट साधनं आहेत. त्यांचे नेहमीचे कप्पे चार: आवाज, ड्रम, बेस, बाकी. ही साधनं मुख्यतः पाश्चात्त्य पॉप-रॉकवर शिकलेली. ढोलकी या कप्प्यांत बसत नाही. तिची धुम बेसमध्ये जाते, चाट ड्रममध्ये, आणि दोन्हींना जोडणारी घसट 'बाकी'त किंवा चक्क आवाजात उरते. हलगीचा कडकडाट आणि गायिकेचा 'च' एकमेकांत मिसळतात. शहनाई, सारंगी किंवा एकट्या व्हायोलिनचा लांब सूर मानवी आवाज समजून आवाजाच्या कप्प्यात टाकला जातो. मग आवाज वाढवला की शहनाईचे तुकडेही वाढतात. खोलीची गुंज तर कुठल्याच कप्प्यात पुरती जात नाही, म्हणून वेगळा काढलेला आवाज कोरडा आणि कडांना फाटलेला वाटतो. कोरससाठी, रियाजासाठी, बोल कळायला ही फोड उत्तम आहे. ऐकण्याची कायमची प्रत म्हणून ती ठेवू नये.

झंकारचं नुकसान वेगळं, आणि आमच्या मते जास्त खोल. पहिली गोष्ट लयीची. माणसांनी वाजवलेली लय अंतऱ्यात हलकी सैल होते, समेवर येताना घट्ट होते. लावणीत तर ती चढत जाते. वरचा ठेका यंत्राचा आणि अचल असतो. दोन्ही जुळावेत म्हणून मूळ गाणं जागोजागी ताणलं किंवा दाबलं जातं. चढती लय सपाट झाली की लावणीचा जीव गेला. दुसरी गोष्ट खर्जाची. नवा किक (ड्रमचा खालचा ठोका) साधारण ६० ते १२० हर्ट्झमध्ये वाजतो, ढोलकीच्या धुमचं घरही तिथेच. मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. धुम वाजत असते, ऐकू येत नाही. तिसरी गोष्ट विरामाची. मुखडा संपल्यावर जिथे क्षणभर काहीच नसतं तिथे झंकारमध्ये ठेका चालूच राहतो. हे आधी ऐकलेल्या माणसाला मूळ प्रतीतली ती शांतता रिकामी वाटते, काहीतरी राहून गेल्यासारखी. खरा रीमिक्स मुळात काय आहे ते दाखवतो. झंकार मुळात नसलेल्याची सवय लावतो.

म्हणून घरात लहान मुलाला किंवा नव्यानं जुनी गाणी ऐकणाऱ्याला आधी मोनो किंवा नीट केलेला रीमास्टर ऐकवा. रीमिक्स त्यानंतर. उलट क्रमानं गेलं तर मूळ गाण्याकडे परत यायला फार वेळ लागतो.

'मूळ' कशाला म्हणायचं हेही कधी कधी तपासावं लागतं. कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडक्यांचं गीतरामायण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालं तेव्हा त्यात अनेक गायक होते. घराघरांतल्या तबकडी-संचात सगळी गाणी फडक्यांच्याच आवाजात आहेत. बहुतेकांच्या मनातलं मूळ हे दुसरं मुद्रण आहे.

कशावर वाजवणार, त्यावर निवड

फोनच्या स्पीकरवर साधारण २०० हर्ट्झच्या खाली काही निघत नाही. तिथे मोनो रीमास्टर आणि महागडा रीमिक्स यांत फारसा फरक नाही, पण ॲटमॉसची प्रत फोनवर कधी कधी मिळमिळीत लागते. इअरफोनवर जुना 'एका कानात आवाज, दुसऱ्यात वाद्यं' असा स्टिरिओ थकवतो. तिथे मोनो किंवा नवा रीमिक्स घ्या. गाडीत रस्त्याचा आवाज असतो, तिथे थोडं दाबलेलं रीमास्टरही चालून जातं.

ऑर्केस्ट्रा किंवा कराओकेसाठी तालीम करणाऱ्यांनी पट्टी तपासल्याशिवाय कुठलीच प्रत धरू नये. वेग ६ टक्क्यांनी वाढला की पट्टी अर्ध्या स्वरानं चढते, तेवढं पेटीवर जमवता येतं. वेग ३ टक्क्यांनी हलला असेल तर गाणं दोन पट्ट्यांच्या मधोमध अडकतं आणि पेटीशी कसंच जुळत नाही. डीजे प्रतींत हे सर्रास आढळतं.

मंडपात जुना रुंद स्टिरिओ लावताना दोन्ही वाहिन्या मिक्सरवर मध्यभागी आणा. एकच वायर जोडली तर गायक गायब आणि नुसती व्हायोलिनं, असा प्रकार होतो. तबकडीवरून घेतलेली प्रत मोठ्या बेस-स्पीकरवर थेट सोडू नका. तबकडीची घरघर आणि विजेची ५० हर्ट्झची गुणगुण त्या स्पीकरांत प्रचंड होते. ७०-८० हर्ट्झच्या खालचं फिल्टरनं कापा. गाण्याचं फारसं काही जात नाही.

घरी तुलना कशी करावी

दोन्ही प्रतींतला एकच तुकडा घ्या: मुखड्याचा शेवट ते पहिल्या अंतऱ्याची सुरुवात, तीसेक सेकंद. ऑडॅसिटी या फुकट ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींना 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' −१८ एलयूएफएसवर लावा. ही पायरी गाळली तर तुलना फुकट जाते, कारण किंचित मोठी प्रत कानाला नेहमीच सरस वाटते. मग दुसऱ्या कुणाला तरी क्रम न सांगता वाजवायला लावा. पहिल्या फेरीत फक्त बोल ऐका, दुसऱ्यात फक्त ढोलकी किंवा तबल्याचा डग्गा, तिसऱ्यात फक्त विराम. शेवटी दोन्ही मोनो करून ऐका. एखाद्या प्रतीत गायकाचा आवाज मोनोमध्ये पोकळ झाला तर तो मोनोवरून कृत्रिमपणे बनवलेला स्टिरिओ असण्याची शक्यता मोठी. ती प्रत सोडून द्या.

कपाटातली तबकडी हीही एक प्रत आहे

ॲपवरच्या सगळ्या प्रती नापसंत पडल्या तर घरची तबकडी उतरवून घेणं हा चांगला मार्ग आहे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तबकड्यांवर बुरशी धरते, आणि २०१९ व २०२१ च्या पुरात भिजलेल्या घरांतल्या तबकड्यांवर गाळही असू शकतो. ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी आणि मऊ कापड वापरा, खाचांच्या दिशेनंच पुसा, लेबल कोरडं ठेवा. ७८ च्या लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका. लाख त्यात विरघळते. विनाइलला पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं.

७८ साठी ३ मिलची (इंचाच्या ३ हजारांशांची) सुई लागते. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर उचलते. मोनो तबकडी स्टिरिओ सुईनं वाजवली असेल तर डावी-उजवी वाहिनी एकत्र करा. खाचेतल्या वर-खाली हालचालीचा गोंगाट त्यातच बराच कमी होतो. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवा आणि पहिली फाइल काहीही साफसफाई न करता जपून ठेवा.

ही प्रत इतरांना द्यायची किंवा तिच्यावर नवा ठेका चढवायचा विचार असेल तर हक्क पाहा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे १९६४ मध्ये निघालेल्या तबकडीचा २०२४ अखेर संपला. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र गीतकार-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं असतो, त्यामुळे मुद्रण मोकळं झालं तरी गाणं मोकळं झालेलं नसतं. नव्या आवाजात गाऊन घ्यायचं असेल तर पहिल्या मुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं थांबावं लागतं आणि हक्काचे पैसे आगाऊ भरावे लागतात.

फाइलला नाव देताना नुसतं गाण्याचं नाव टाकू नका. तबकडीचा क्रमांक, लेबलजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, वेग, कोणती सुई, पट्टी कोणती आली, एवढं लिहून ठेवा. त्याच गाण्याच्या दुसऱ्या छापात वेगळा टेक (त्याच गाण्याचं वेगळं गायन) असू शकतो, आणि तो ओळखायला हे आकडेच उपयोगी पडतात.